चिमाजीअप्पांचे पुढे काय झाले, तेही दाखवा

प्रति,
मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांवर चित्रपट करणारे निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार यांस,



हे पत्र मोहन्याहून लिहीत आहे. कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या वाटेवर अंबिवली स्टेशनला उतरले की आमचे गाव. उल्हास नदीकाठचे, एनआरसी कंपनीच्या भोंग्यावर कैक वर्षे चाललेले आणि कंपनी बंद पडल्यावर लोकलच्या वेळापत्रकावर चालणारे. तुमच्या दारी एका माणसाचे गाऱ्हाणे घेऊन आले आहे. त्याला जाऊन पावणेतीनशेवर वर्षे झाली, पण आमच्या ठाणे-कल्याण-वसईच्या पट्ट्यात त्याच्या खुणा अजून जागोजाग आहेत. त्याचे नाव चिमाजी बल्लाळ, म्हणजे चिमाजीअप्पा. थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ.

ना. सं. इनामदार यांची 'राऊ' 1972 साली आली. तेव्हापासून मराठी घरांत आणि वाचनालयांत ती हातोहात फिरली. मराठीत तिच्यावर मालिका झाली आणि 18 डिसेंबर 2015 रोजी तिच्यावर बेतलेला 'बाजीराव मस्तानी' देशभर प्रदर्शित झाला. दिग्दर्शन संजय लीला भन्साळी यांचे, पटकथा प्रकाश कापडिया यांची. बाजीराव आणि मस्तानी यांची प्रीती हा कादंबरीचा गाभा. मध्यभागी कोणाला बसवायचे हा लेखकाचा अधिकार आहे, आणि इनामदारांनी तो ज्या ताकदीने वापरला त्याबद्दल मराठी वाचक त्यांचा ऋणी आहे. माझे म्हणणे मध्यभागाबद्दल नाही. कडेला उभ्या असलेल्या माणसांचे तुम्ही काय करता, याबद्दल आहे.

कादंबरी वाचायला आठवडा लागतो. तेवढ्या अवकाशात कडेचे पात्रही श्वास घेते, त्याची बाजू वाचकाला कळते. चित्रपटाला अडीच तास मिळतात. मग कात्री लागते, आणि ती नायक-नायिकेला लागत नाही. प्रेमकथेला अडथळा हवा असतो. निजाम आणि मोगल हे बाहेरचे शत्रू रणांगणावर कामी येतात, पण प्रेमाच्या आड येणारा माणूस घरातलाच असावा लागतो. म्हणून आई कठोर होते, मुलगा कडवट होतो आणि सख्खा भाऊ दाराशी आडवा उभा राहतो. 'बाजीराव मस्तानी'तले चिमाजीअप्पा असेच घडले. वैभव तत्त्ववादी यांनी ती भूमिका मनापासून केली, त्यांच्याकडे बोट नाही. पण चित्रपट पाहून घरी गेलेल्या प्रेक्षकाला अप्पा आठवतात ते वाड्यातले, मस्तानीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मंडळींत सामील झालेले. त्यांच्या हातून काय घडले आणि त्यांचे पुढे काय झाले, याचा पडद्यावर पत्ता नाही.

ते काय घडले, ते आमच्या भागात राहणाऱ्याला शोधायला जावे लागत नाही.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो पोर्तुगीज बांधत होते. कल्याणचा सुभा तेव्हा मराठ्यांकडे, आणि खाडीपलीकडे साष्टी बेटावर अंमल पोर्तुगीजांचा. तिथल्या जुलमाला कंटाळलेल्या लोकांच्या वतीने अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांच्या दरबारी खेटे घालत होते. हे अंजूर भिवंडीजवळचे. साष्टीच्या बखरीत ही हकिकत आहे. अखेर मार्च 1737 मध्ये मराठ्यांनी अपुऱ्या बांधकामाचा ठाण्याचा किल्ला घेतला आणि वसईची मोहीम उभी राहिली. तिचे नेतृत्व चिमाजीअप्पांकडे होते. दोन वर्षे ती चालली. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर अशी ठाणी एकेक करून घ्यावी लागली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. मग 1739 च्या फेब्रुवारीपासून वसईचा वेढा. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये जाड तट आणि वरून तोफा. मराठ्यांचा हातखंडा उघड्या मैदानातल्या घोडदौडीचा, आणि इथे काम होते सुरुंगांचे, चिखलाचे आणि चिकाटीचे. सुरुंग लावून बुरूज फोडावे लागले, भगदाडातून पुन्हापुन्हा हल्ले चढवावे लागले, हजारो माणसे कामी आली. मे महिन्यात वसई पडली.

पडली त्यानंतरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तहाच्या अटींप्रमाणे पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू दिले. जाणाऱ्यांना आठ दिवसांची मुदत दिली, आपली चीजवस्तू नेऊ दिली. मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. दोन वर्षे रक्त सांडल्यावर, सूड घेण्याची पुरती संधी हातात असताना, सेनापतीने हा तह केला. वसईत आज चर्च नांदत आहेत आणि तिथला ख्रिस्ती शेतकरी मराठी बोलतो, यामागे इतर अनेक कारणांबरोबर हा तहही आहे.

मोहिमेवर जाताना अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता. वसई मिळाल्यावर त्यांनी देवीचे मंदिर बांधवले. आमच्याकडची कुटुंबे टिटवाळ्याचा गणपती करून वज्रेश्वरीला जातात, गणेशपुरीच्या गरम कुंडांत पाय बुडवून परततात. पुढच्या वेळी जाल तेव्हा मंदिराच्या पायऱ्या चढण्याआधी खाली थांबून वर पाहा. देवळाआधी तट दिसतो. बुरूज, दगडी भिंत, वर नगारखाना. एखाद्या गढीत शिरावे तसे देवीच्या दर्शनाला जावे लागते. वसईहून आलेल्या घंटाही अशाच महाराष्ट्रभर विखुरल्या आहेत. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेल्या घंटेच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आणि भीमाशंकरची घंटाही याच विजयाची आठवण म्हणून सांगितली जाते. इतका मोठा ठसा उमटवलेला माणूस पडद्यावर फक्त भावाच्या संसारात ढवळाढवळ करताना दिसावा, याचे वाईट वाटते.

तुम्ही म्हणाल, चित्रपट प्रेमकथेचा होता, वसईचा नव्हता. मान्य आहे. मग त्या प्रेमकथेतल्या अप्पांकडेच पाहू.

मस्तानीला पुण्यात अटकेत ठेवले गेले, घरातल्यांचा तिला विरोध होता, अप्पाही त्यात होते, हे खरेच आहे. ते कोणी लपवू नये. पण त्याच अप्पांचे 1740 च्या सुरुवातीचे एक पत्र आहे, पुतण्या नानासाहेबांना लिहिलेले. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्याचा आधार घेतला आहे. भावाचे मन थाऱ्यावर नाही, त्याला शांत करण्याचा आपण यत्न केला पण यश आले नाही, तेव्हा आता पुण्याला परतल्यावर मस्तानीला त्याच्याकडे पाठवून द्यावे लागेल, असा त्या पत्राचा आशय. ज्याला आपण पडद्यावर आडवे उभे राहिलेले पाहिले, तो माणूस भावाच्या काळजीने हट्ट सोडायला निघाला होता. यापेक्षा मोठे नाट्य कोणत्या पटकथाकाराला हवे? घराण्याची रीत, आईची आज्ञा, पुतण्याचा राग आणि भावाचे ढासळते शरीर, या सगळ्यांत अडकलेला एक शहाणा, आजारी माणूस. ते पत्र पोहोचून उपयोग होण्याआधीच वेळ निघून गेली. बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. अप्पा तेव्हा नानासाहेबांसह कुलाब्याला, आंग्रे बंधूंच्या भांडणात गुंतलेले होते. भावाची अखेरची भेट झाली नाही.

आणि पुढे? थोरला भाऊ गेल्यावर मराठी राज्यातला सर्वांत अनुभवी सेनापती तोच होता. त्याने गादी मागितली नाही. पुतण्याला पेशवाईची वस्त्रे मिळावीत म्हणून त्याने आपले वजन नानासाहेबांच्या पारड्यात टाकले. प्रकृती आधीपासून नाजूक, त्यात दोन वर्षांच्या वसईने पार खचलेली. 17 डिसेंबर 1740 रोजी, बाजीरावांनंतर आठ महिन्यांच्या आत, चिमाजीअप्पा पुण्यात वारले. वय जेमतेम तेहेतीस. पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यात ओंकारेश्वराच्या आवारात अप्पांची समाधी आहे. मागे दहा वर्षांचा मुलगा राहिला, सदाशिव. त्याची आई रखमाबाई तो महिनाभराचा असतानाच गेली होती. हाच सदाशिवरावभाऊ वीस वर्षांनी पानिपतावर पडला. एका भावाच्या मागे दुसरा भाऊ गेला, आणि त्याचा पोरका मुलगा पुढे सगळ्या मराठी राज्याचा भार घेऊन उत्तरेत गेला. हे सारे प्रेक्षकाला ठाऊक व्हायला किती वेळ लागला असता? चित्रपट संपताना काळ्या पडद्यावर चार ओळी पुरेशा होत्या.

अप्पा एकटेच असे नाहीत. काशीबाईंचे पाहा. प्रियांका चोप्रा यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण त्याच चित्रपटातले 'पिंगा' गाणे आठवते? काशीबाई आणि मस्तानी शनिवारवाड्यात एकत्र नाचतात. त्यावरून तेव्हा गदारोळ झाला. मला नाचण्यापेक्षा मोठी खंत ही की काशीबाईंच्या आयुष्यातली खरी मोठी गोष्ट पडद्यावर आलीच नाही. त्या पुढे अठरा वर्षे जगल्या. चासला, आपल्या माहेरगावी, त्यांनी सोमेश्वराचे देऊळ बांधले. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर पेशव्यांच्या घरात वाढला आणि पानिपताच्या युद्धात मराठ्यांच्या बाजूने लढून जखमी होऊन वारला. सवतीच्या मुलाला पदराखाली घेणारी बाई दाखवायला गाण्याची गरज नव्हती, एक प्रसंग पुरे होता.

याच दिग्दर्शकाच्या 2002 सालच्या 'देवदास'मध्ये पारो आणि चंद्रमुखी एकत्र नाचल्या होत्या. शरच्चंद्रांच्या कादंबरीत त्या दोघी कधी भेटतच नाहीत. बिमल रॉय यांनी 1955 मध्ये हीच कथा केली, तेव्हा दोघींना एका रस्त्यावर समोरासमोर आणले आणि एकही शब्द न बोलता पुढे जाऊ दिले. तोही बदलच होता. कादंबरीपासून दूर जाणेच होते. पण त्या बदलाने चंद्रमुखी लहान झाली नाही, आणि प्रेक्षकाला तिचे एकटेपण दोन क्षणांत कळले. म्हणून माझी तक्रार स्वातंत्र्याबद्दल नाही. स्वातंत्र्य घ्या. ते घेतल्यावर पात्र मोठे झाले की छोटे, एवढे स्वतःला विचारा.

हा प्रश्न आता जास्त निकडीचा झाला आहे, म्हणून हे पत्र आज लिहावेसे वाटले. शिवाजी सावंतांच्या 1979 च्या 'छावा' कादंबरीवरचा चित्रपट 14 फेब्रुवारी 2025 ला आला. पहिल्या आठवड्यातच शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी आणि कान्होजी यांच्या चित्रणाला आक्षेप घेतला, कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रपटात आडनाव किंवा गाव घेतलेले नाही असे सांगितले. वंशजांचा राग आणि दिग्दर्शकाची माफी, या दोन्हींमध्ये मूळ मुद्दा राहूनच गेला. त्या माणसांबद्दल कागदपत्रे काय सांगतात, कादंबरीकाराने कोठे कल्पना केली आणि चित्रपटाने त्यात काय भर घातली, हे तीन थर वेगळे करून कोणी सांगितले नाहीत. कादंबरीचा आधार घेतला, एवढे म्हटले की जबाबदारी संपते असा समज झाला आहे. ती संपत नाही. इनामदार आणि सावंत यांनी कादंबरी लिहिली, आणि ती कादंबरी म्हणूनच वाचकाच्या हाती दिली. चित्रपटाचा प्रेक्षक मात्र कादंबरी न वाचलेला असतो, त्याच्या दृष्टीने तोच इतिहास होतो. माझ्या गावातल्या मुलाला वज्रेश्वरीचे देऊळ कोणी बांधवले विचारले तर तो गप्प बसतो. 'बाजीराव मस्तानी'तले चिमाजीअप्पा कोण, ते मात्र त्याला माहीत असते.

चित्रपटाच्या सुरुवातीला भराभर सरकणारी सूचना असते, की काही प्रसंग काल्पनिक आहेत, कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही. ती न्यायालयासाठी असते. प्रेक्षकासाठी काहीतरी वेगळे करा.

माझ्या मागण्या थोड्या आणि करता येण्याजोग्या आहेत. ऐतिहासिक कादंबरीवर चित्रपट करताना कडेच्या प्रत्येक खऱ्या माणसासाठी, पटकथा पक्की होण्याआधी, एक पान टिपण करून घ्या: त्याच्याबद्दल अस्सल कागद काय सांगतो, कादंबरी काय सांगते, आणि आपण काय बदलतो आहोत. या कामासाठी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशवे दफ्तर आहे, मोडी वाचणारे तरुण अभ्यासक आज गावोगाव आहेत. त्यांना श्रेयनामावलीत मानाने जागा द्या आणि मानधनही द्या. खऱ्या माणसाच्या माथी कागदात नसलेला गुन्हा मारू नका. कथेला खलपुरुष हवाच असेल तर काल्पनिक पात्र निर्माण करा, त्याला कोणी अडवणार नाही. आणि शेवटच्या पाटीवर नायकाबरोबर त्याच्या भावाचे, आईचे, बायकोचे, मुलाचे पुढे काय झाले ते लिहा. चार ओळींना खर्च येत नाही.

आणखी एक मागणी आहे, आणि ती माझ्या मनात बरीच वर्षे आहे. वसईच्या मोहिमेवर एक उत्तम चित्रपट करा. त्यात अंजूरचे गंगाजी नाईक असू द्या, तारापूरच्या तटावर पडलेले रेठरेकर असू द्या, सुरुंग खणणारे बेलदार आणि खाडीतल्या होड्या वल्हवणारे कोळी असू द्या. तटाच्या आतली माणसेही असू द्या: उपाशी शिबंदी, घाबरलेली कुटुंबे, तहाची वाट पाहणारे पाद्री. वसईच्या ख्रिस्ती समाजाला तो चित्रपट पाहताना मान खाली घालावी लागणार नाही, असा तो लिहा. चिमाजीअप्पांनी केलेला तह त्याच वृत्तीचा होता, त्यामुळे तुम्हाला इतिहास वाकवावाही लागणार नाही. चित्रीकरणासाठी किल्ला उभा आहे, खाडी आहे, वज्रेश्वरी आहे. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या माणसांना आपल्या पायाखालच्या जमिनीची गोष्ट पडद्यावर पहिल्यांदा दिसेल.

तुम्ही लोक मोठे काम करता. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपलेला बाजीराव तुम्ही देशातल्या घराघरांत नेलात, हे मी विसरत नाही. म्हणूनच हे पत्र तुम्हाला आहे. तुमच्या हातात ते बळ आहे आणि त्याचा भार कडेला उभ्या असलेल्या माणसांवर पडतो. त्यांना वकील नाही, त्यांची बाजू मांडायला पडद्यावर वेळ नाही, त्यांच्या मागे असतो तो फक्त जुना कागद. पुढच्या चित्रपटाची पटकथा लिहायला बसाल तेव्हा तो कागद आधी वाचा आणि मगच त्यांचे भवितव्य ठरवा.

आपली नम्र,
मोहने (ता. कल्याण) येथील एक वाचक आणि प्रेक्षक